मायची चुंबळ अन् मॅडमचा लेख

"मावशी, मॅटवरून खाली उतरा. मेंबर लोक तिथं झोपतात."

जिममधला ट्रेनर म्हणाला. आवाज चढवला नाय. मोठ्या आदबीनं म्हणाला, म्हणून जास्त लागलं. माय त्या काळ्या रबरी मॅटवर उभी व्हती. चप्पल जिन्यातच काढलेली. पाय घरून दगडानं घासून आलेली. तिच्या टाचंच्या भेगांत सिमेंट असतं, ते घासून निघत नाय. तिनं माझ्याकडं पाहिलं. अन् मी, तिचा शिकलेला पोरगा, काय म्हणलो?

"उतर ना माय."

ती उतरली. ट्रेनरचं वाक्य मी कधीच विसरून गेलो असतो. असली वाक्यं लई ऐकलीत. माझं स्वतःचं विसरता येत नाय.

माय तिथं कशी पोचली ते सांगतो. तिला तिथं नेणारा मीच.

मी एम. ए. मराठी. वर बी. एड. शिक्षक भरती निघंल निघंल म्हणता म्हणता तिशी आली. बिडकीनला आमचं दोन खोल्यांचं घर. माय कारखान्यांच्या बांधकामांवर घमेली वाहते. बाप नाय. एक दिवस फोनवरच्या एका ग्रुपमध्ये मेसेज आला : मराठी रायटर पाहिजे, फिटनेसचे लेख रिराईट करता आले पाहिजेत, घरून काम. मी काळीपिवळीत चेंगरून शहरात गेलो. क्रांती चौकाच्या पुढं, तिसऱ्या मजल्यावर जिम. जिममध्ये पाय ठेवायची माझी पहिलीच वेळ. माझं वजन तेव्हा पन्नाससुद्धा नव्हतं.

मालकाला सगळे सरच म्हणायचे. सरांनी आधी फुल नेम विचारलं. आडनाव ऐकल्यावर म्हणाले, "अच्छा." हा अच्छा आम्हाला कळतो. बौद्धाच्या घरात जन्मलेल्याला तो वेगळा शिकवावा लागत नाय. मग त्यांनी माझे दोन नमुने वाचले अन् मान वर केली.

"भाषा चांगलीय हो तुमची. वाटत नाही."

मी "थँक्यू सर" म्हणलो. आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली ओढावीशी वाटती. निघताना त्यांनी जिमचं नाव छापलेला एक निळा टी-शर्ट दिला. मी तो काळीपिवळीत मांडीवर धरून घरी आणला.

काम असं व्हतं. इंटरनेटवरचे कुणाकुणाचे लेख यायचे. ते फिरवायचे. अर्थ तोच, वाक्यं वेगळी. चरबी जाळा असंल तर मेद घटवा. मग सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं. उचलेगिरी सापडली तर लाल, नाय सापडली तर हिरवं. हिरवा लेख मॅडमच्या नावानं जायचा. मॅडम म्हंजे सरांची बायको. वर तिचा हसरा फोटो. माझं नाव कुठंच नाय, हे आधीच ठरलेलं. माझ्या लेखात चुकून 'इथं' आलं की सर कळवायचे, गावठी वाटतं, 'येथे' करा. मी करायचो. शंभरएक लेख फिरवले असतील. डोकं नुसतं जात्यासारखं गरगरायचं अन् पीठ दुसऱ्याच्या डब्यात.

एकदा 'सोळा तास उपाशी राहण्याचे फायदे' असा लेख आला. तो मी मायला वाचून दाखवला. ती भाकरी थापत व्हती.

"हे शिकायला पैसे मोजत्यात व्हय लोकं?" म्हणाली. "मला इचारलं असतं तर फुकट शिकवलं असतं." अन् खो खो हसली. मलाबी हसू आलं. तिनं किती दिवस काढलेत उपाशी, ते मला ठाऊक आहे, तरी हसू आलं.

पुढं पुढं सगळंच लाल यायला लागलं. तेच लेख आमच्यासारख्यांनी इतके फिरवले व्हते की कसंबी फिरवा, कुणाशी तरी जुळायचंच. सर वैतागले. म्हणाले, "पर्सनल टच द्या. जे नेटवर कुठंच नाही असं टाका."

आता नेटवर कुठंच नाय असं माझ्याजवळ काय असणार? माय व्हती.

'मान आणि पाठ सरळ कशी ठेवावी' असा विषय आलता. मी मायला विचारलं, तू इतकी वर्षं डोक्यावर ओझं वाहतीस, तुझी मान कशी दुखत नाय? तिनं चुंबळ काढून दाखवली. जुन्या लुगड्याची पट्टी पिळून, गोल वळून केलेलं कडं. डोकं अन् घमेलं यांच्या मधी ती ठेवतात. तिची चुंबळ लई वर्षांची, घामानं काळी पडलेली. म्हणाली, "चुंबळ नीट बसली की वजन डोक्यावर नसतं. टाचंवर असतं. नजर समोर ठेवायची, पायाकडं नाय बघायचं." मी ते जसंच्या तसं लिहिलं. माझी माय, तिची चुंबळ, तिची चाल. पहिल्याच फटक्यात हिरवं.

सरांचा स्वतःहून फोन आला. पहिल्यांदाच. "ही बाई कोण?"

"माझी आई, सर."

"अरे ग्रेट! घेऊन या त्यांना. व्हिडिओ करू. अन् हा लेख तुमच्या नावानं टाकू."

तुमच्या नावानं. मी फोन ठेवला अन् दारात येऊन उगंच उभा राहिलो. एवढी पुस्तकं वाचली, एवढं लिहिलं, छापलेलं माझं नाव मी लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा पाहिलं नव्हतं. माय म्हणाली कामाचा खाडा पडंल. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. "तुझं नाव येणार म्हणतो तर येते बाबा." ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. चुंबळ पिशवीत घेतली.

अन् तिथं गेल्यावर पहिलं वाक्य ते, मॅटवरून उतरा.

मग फरशीवर व्हिडिओ सुरू झाला. त्यांनी बाजारातून कोरं घमेलं आणलं व्हतं, त्यात छोटे डंबेल भरले. माय इकडून तिकडं, तिकडून इकडं चालली. ताठ. नजर समोर. व्यायामाला आलेल्या चारपाच बाया यंत्रं सोडून बघत व्हत्या. एक म्हणाली, "कसली क्यूट आहे!" माझी माय. साठीला आलेली बाई.

मग घमेलं घेऊन चालायची बारी मॅडमची. मायनं आपली चुंबळ काढून पुढं केली. मॅडमनं हात मागं घेतला.

"नको, ते वापरलेलं आहे ना. आपला टॉवेल घेऊ."

पांढऱ्या टॉवेलची गुंडाळी केली. दोन पावलांत घमेलं घसरलं, डंबेल फरशीवर आदळले. माय पुढं झाली. "टावेल नाय जमायचा ताई. त्याला पकड नसती." कुणी ऐकलं नाय. टॉवेल धरून धरून कसंतरी उरकलं. आवराआवर करताना ट्रेनरनं मायची चुंबळ दोन बोटांनी उचलली, फडक्यासारखी, अन् कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मी पाहिलं. डबा माझ्यापासून चार पावलांवर व्हता. चार पावलं चालायचं, हात घालायचा, चुंबळ काढायची. बस. मी मोबाईल काढला अन् मेसेज आल्यासारखं केलं.

क्रांती चौकात गाडीची वाट बघत उभे व्हतो तेव्हा माय म्हणाली, "चुंबळ राहिली."

मी म्हणलं, "नवी कर की."

"डोक्याला बसलेली व्हती ती." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "डब्यात टाकताना मी पाहिलं. तूबी पाहिलं."

मी म्हणलं, "माय, बोललो असतो तर काम गेलं असतं. नाव येणार व्हतं ना."

"माझं काम रोज सांजच्याला जातं. रोज सकाळी नाक्यावर उभं राहून परत मिळवते. मी नाय भेले कधी. तू एवढा शिकून कशाला भेतो रं?"

बिडकीनपर्यंत ती रिकामी पिशवी मांडीवर धरून बसली. रागावली नव्हती. थकली व्हती. मीबी थकलो व्हतो, पण माझं थकणं तिच्यासमोर सांगायची लाज वाटली.

सोमवारी दुपारी सरांचा मेसेज आला. व्हिडिओ मस्त झालाय. लेख मॅडमच्या नावानंच टाकू, वाचकांना तो चेहरा ओळखीचा आहे. आईचा उल्लेख काढा. 'आमच्या घराण्यातल्या स्त्रिया' असं करा. चुंबळ शब्द गावठी वाटतो, 'हेड रिंग' करा. संध्याकाळपर्यंत द्या.

अन् ऐका, मी बसलो करायला. खरं सांगतो. हाताला सवय लागलेली. 'माझी माय' खोडलं, 'आमच्या घराण्यातल्या स्त्रिया' टाकलं. 'घमेलं' खोडून 'भार' केलं. 'टाचंवर'चं 'टाचांवर' केलं. वीस मिनिटांत मायचं नामोनिशाण उरलं नाय. सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. हिरवं. वर आलं, लेख पूर्णपणे मूळ आहे.

मूळ!

मी त्या हिरव्या रंगाकडं बघत राहिलो. माय पुसली की लेख मूळ होतो. शंभर लेख मी असंच कुणाला तरी पुसत आलो असंल. तेव्हा कळलं नाय, कारण ते कुणी माझे नव्हते. लॅपटॉप मिटला, तसाच उठलो, गाडी पकडली.

सर काउंटरवर व्हते. मी म्हणलं, "सर, लेख फिरवणार नाय. तो माझ्या मायचा आहे. व्हिडिओबी काढून टाका."

ते हसले. "देखो, इमोशनल होऊ नका. तुमच्यासारख्यांना कोण संधी देतं आजकाल?"

"तुमच्यासारख्यांना म्हंजे कुणाला, सर?"

हे मी विचारलं. त्यांनी पंख्याकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं. त्यांनी पहिल्या दिवशी म्हणलेला अच्छा आता त्यांच्याच घशात अडकला व्हता. मी उत्तराची वाट बघत उभा राहिलो. चांगला उभा राहिलो.

शेवटी म्हणाले, "दुसरा रायटर दोन दिवसांत मिळेल."

"मिळंल," मी म्हणलं. निघताना कोपऱ्यातला डबा पाहिला. रिकामा. नवी काळी पिशवी लावलेली.

दुसरा मिळाला. व्हिडिओ अजून आहे. त्यात मायचं तोंड नाय, मानेपासून खालीच दिसती, पुढं मॅडम हसते. सोबत लेख आहे. 'भाराचे केंद्र पावलांकडे असते.' हे वाक्य मी ओळखलं. माझ्यासारखाच कुणी एम. ए. झालेला कुठंतरी बसून ते फिरवत असंल. त्याच्यावर माझा राग नाय. त्यानं कधी हे वाचलं तर मला भेटावं.

काम सोडलं त्या दिवशी घरी येऊन तो निळा टी-शर्ट मी मायपुढं टाकला. म्हणलं, याची कर चुंबळ. तिनं फाडला, वळला, डोक्यावर ठेवून मान हलवून पाहिली.

"ह्याला पकड नाय," म्हणाली, अन् पायपुसण्याला दारात टाकला. मग आपलं जुनं लुगडं काढून बसली.

आता काम नाय. सकाळी मायसंगं नाक्यावर जातो, मिळंल ते करतो. घमेल्याखाली मान लटपटती माझी, बाया हसतात, मग शिकवतात. दुपारच्या सुट्टीत वही काढतो. त्या सांगतात, मी लिहितो. त्यांच्याच बोलीत. ज्या शब्दाला गावठी म्हणलं, तोच शब्द. इथंचं येथे करणार नाय. जिचं वाक्य, तिचं नाव. कोण छापंल, ठाऊक नाय. नाय छापलं तर आमच्या विहारात उभा राहून वाचीन.

अन् वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय : माझ्या मायचं नाव शेवंताबाई. मावशी नाय, क्यूट नाय, घराण्यातली स्त्री नाय. शेवंताबाई.

ती मॅटवरून उतरली ती माझ्या सांगण्यावरून. आता माझ्या सांगण्यावरून ती कुठूनच उतरणार नाय.