मंगरूची दवंडी आणि सालईची मेढ

मंगरू कोतवालाला दोनच गोष्टींचा गर्व होता: मिशीचा आणि डफड्याचा. मिशीबद्दल बायकोचं मत वेगळं होतं, पण डफडं वाजलं की जंगलपट्टीतल्या गोरेगावाकडचं त्याचं अख्खं गाव हातचं काम टाकून दारात यायचं.

एकोणीसशे सदतीस सालच्या वैशाखात तहसिलीतून कागद आला. विलायतेच्या बादशहाच्या राज्याभिषेकानिमित्त बुधवारी झाडांचा दिवस पाळावा, घरटी एक झाड लावावं, हिरव्या फांदीला कुऱ्हाड लावू नये. भर वैशाखात झाडं! पण विचारणारा मंगरू कोण? बडवली दवंडी.

तशी दुर्पता अंगणातून ओरडली, "कायले बोंबलून राहिला रे भाऊ? बुधवारीच माह्या पोरीचं लगन. मांडवाची मेढ काय सुक्या लाकडाची रोवू?"

मेढ सालईच्या झाडाच्या हिरव्या फांदीची आणि त्याच दिवशी तोडलेली लागायची. नाहीतर वऱ्हाड मांडवात पाऊल टाकत नसे.

गावचा सारा वसूल करणारा मालगुजार यादोराव पान चघळत म्हणाला, "तोड, तोड. पोरीच्या आधी तूच जेलात नांदशीन."

दुर्पता रडली नाही. मंगरूकडे नुसती बघत राहिली. त्या बघण्यानं गड्याची झोप उडाली. कोंडवाड्याच्या दवंडीत दंड सांगतात. या कागदात दंड कुठं होता? हा किडा डोक्यात शिरला आणि सकाळीच त्यानं तहसिलीची वाट धरली.

कारकुनानं कागद उलटापालटा केला. "यात कलमच नाही."

"मंग सजा किती जी?"

"कलम नाही तर सजा कायची? ही साहेबाची इच्छा आहे, कायदा नाही."

"मंग माह्या डफड्यावर इच्छा कायले पाठवता? त्याले हुकूमच बडवता येते!"

आता आली पंचाईत. दुर्पताची मेढ वाचवायची तर डफड्याची पत घालवायची. मंगरूनं मंगळवारी पुन्हा डफडं काढलं: "ऐका हो! परवाचा हुकूम हुकूम नव्हता, विनंती होती! मोडणाऱ्याले सजा नाही!"

गाव पोट धरून हसलं. पुढं कसलीही दवंडी आली की बाया विचारायच्या, "हुकूम का विनंती, भाऊजी?" मंगरू मिशी पिळून पुढं जायचा.

बुधवारी मेढ उभी राहिली. नवरीच्या हळदीचं पाणी मेढीच्याच बुडाशी मुरलं. यादोरावानं त्याच दिवशी फेटा बांधून, हार घालून लावलेला आंबा मात्र आठवड्यात वाळला.

पावसाळ्यात तहसिलीतून विचारणा आली: किती झाडं जगली? मंगरू घरोघर हिंडला; लावलेलं एकही झाड जगलं नव्हतं. शेवटी दुर्पताच्या अंगणात थबकला. सालईच्या मेढीला पालवी फुटली होती.

त्यानं मास्तराकडून उत्तर लिहून घेतलं: "एक. तोडलेलं."