निरोप पोचला

“निरोप पोचला!” जीपच्या पत्र्यावर थापा मारत तो ओरडला, की केजच्या स्टँडवर कुणाचा तरी जीव भांड्यात पडायचा.

तो केज-धारूर काळी-पिवळी जीप चालवायचा. नाक्यावर एसटीडीचा बूथ आला होता, तरी लोकांचे निरोप त्याच्याच तोंडी जायचे. “निरोप दाबून ठिवला की नासतो,” असं म्हणायचा. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल.

मेव्हण्याला रक्त द्यायला गेला आणि त्याच्याच रक्तात एचआयव्ही निघाला. ताप नाही, खोकला नाही; गडी टुणटुणीत. अशाच लोकांचा अभ्यास करणारे शहरातले एक डॉक्टर माझ्या छोट्या लॅबमध्ये त्याचं रक्त घ्यायला आले. म्हणाले, “तुम्हाला काही जाणवत नाही, पण आत पेशी एकमेकींना धोक्याचे निरोप धाडतायत. ते निरोप नेणारे बारीक रेणू आम्ही तपासतो.”

तो खो खो हसला. “म्हंजे आत बी माझाच धंदा चालू हाय!”

ही बातमीही त्यानं दाबली नाही. मी नको नको म्हणत असताना स्टँडवर स्वतःच सांगून टाकली. मग त्याच्या जीपमध्ये कुणी बसेना. निरोपही दुसऱ्या जीपनं जाऊ लागले. सोबत बसल्यानं हे होत नाही, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि पलीकडच्या जीपमध्ये चढायचे. मला आमच्या गावाची लाज वाटायची.

एकदा त्याचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून म्हटलं, “धारूरला आमच्या ताईला सांग, शनिवारी येतोय.” एवढ्यासाठी तो रिकामी जीप घेऊन धारूरला गेला.

संध्याकाळी पत्र्यावर थापा पडल्या. “निरोप पोचला, साहेब! ताईनं पाणी बी पाजलं. लई दिवसांनी कुणी पाजलं बघा.”

मला ताईचा अभिमान वाटला. शनिवारी ती म्हणाली, “तुझा जीपवाला दारातच म्हणाला, मला तो आजार हाय. मंग अंगणातच वरून ओंजळीत पाणी ओतलं. कावून उगं भांडं बाटवायचं?”

माझी मान वर होईना. त्यानं ओंजळीचं मला सांगितलंच नव्हतं.

मी ताईला चांगलंच सुनावलं. ती ओशाळली. “चुकलं माझं. त्याला म्हणावं, चहाला ये. घरात बसून पी.”

मी परतलो तर स्टँडवर त्याची जागा रिकामी होती. जीप विकून तो कुठं गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. खरं तर कुणी विचारलंही नव्हतं.

ताईचा निरोप माझ्याजवळच नासला.