रुमालाखालची मूठ

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मानवतच्या बाजारात एका बोकडाचा सौदा करत होतो. डावा हात कानाशी, उजवा रुमालाखाली, गिऱ्हाइकाच्या हातात. "भावजी, हे गेले..." मी सौदा पुरा केला, मगच हात बाहेर काढला. लोक म्हणाले, दगडाच्या काळजाचा माणूस. म्हणोत. माय गेली तेव्हा माझ्या थोरल्या भावानं, दत्तादादानंही आधी आपलं काम पुरं केलं होतं.

आमचं घर शेळ्या-मेंढ्यांचं. वडलांनी, आबांनी, आम्हा दोघांना रुमालाखालचा सौदा शिकवला. भाव बोटांनी सांगायचा, शेजारच्याला कळू द्यायचा नाही. समोरच्यानं हात ओढला की सौदा मोडला. मूठ मिटली तर, "थांब, आत्ता न्हाई, गर्दी हटू दे." मी शाळा सोडून बाजार धरला. दादा शिकत शिकत पार विशाखापट्टणमला गेला, युद्धनौकेवरून पाणबुडीवर सोडायच्या क्षेपणास्त्राच्या कामावर. आम्हाला कळायचं ते पेपरातून : ते नौकेवरून उडतं, लांब गेल्यावर त्यातला टॉर्पेडो पॅराशूटनं पाण्यात उतरतो आणि पाणबुडी हुडकतो. दादा स्वतः एक अक्षर बोलायचा नाही.

माय आठ दिवस अंथरुणावरून दाराकडं बघत होती. "दत्ता निघाला का रं?" "निघाला, माय. गाडी पूर्णेपर्यंत आलीय." मी खोटं बोलायचो. त्याचा फोन बंद होता. तो आला तेराव्याला.

"कुठं होतास?"

"कामावर."

"कसलं काम?"

"बापू, सांगता येत न्हाई मला."

"मला नको, मायच्या फोटोला तरी सांग!" मी पाहुण्यांसमोर ओरडलो. मग खांद्यावरचा रुमाल ओढून त्याच्या हातावर टाकला. "तोंडानं नको सांगू. एक बोट म्हणजे समुद्रात होतो. दोन म्हणजे घरीच होतो, आलो न्हाई." त्याचा हात माझ्या हातात आला, गार, घामेजलेला... आणि त्यानं मूठ मिटली. मी हात झटकून उठलो. पुढं त्याचे फोन यायचे, मी कापायचो.

आता तो गेल्यावर त्याच्या दिवसांना विशाखापट्टणमला गेलो, तेव्हा त्याच्या हाताखालच्या एका इंजिनिअरनं चहा पिता पिता सहज सांगितलं. मायच्या त्या आठवड्यात चाचणी होती. सगळ्यांचे फोन किनाऱ्यावर जमा. आधी एकदा पॅराशूट फाटून टॉर्पेडो पाण्यावर आपटला होता, म्हणून या खेपेला साहेबांनी, म्हणजे दादानं, स्वतःच्या हातानं पॅराशूटची घडी घातली. ते नीट उघडलं. नंतर पेपरातही आलं म्हणे. म्हणजे साऱ्या मुलखाला कळलं, सख्ख्या भावाला नाही! मी वहिनीवर चिडलो, "मग मला का नाही सांगितलं त्यानं?"

"फोन उचलत होतात का तुम्ही, भावजी?"

राग गेलेला नाही. माय वाट बघत गेली, ते कुठल्याही क्षेपणास्त्रानं भरून येत नाही. पण सौद्याची रीत मला दादापेक्षा जास्त कळते. त्यानं मूठ मिटली होती. हात मी ओढला.

तो रुमाल खुंटीवर आहे. बाजारात दुसरा नेतो.