मेव्हण्याच्या पिकअपचा टर्बो

पिकअपवाल्यांनो, आज सकाळचं ऐका.

दातिवऱ्याच्या माझ्या मेव्हण्याने जुन्या डिझेल पिकअपला जोर वाढवायला भंगारातला टर्बो बसवला. मी नको म्हटलं, तर चारचौघांत म्हणाला, "भावजी, तुमी पंक्चर काढा. इंजिन तुमचं काम नाय."

आज बोईसरला माझ्याच गॅरेजसमोर टर्बोचं सील फाटलं. इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट सुटलं. चावी काढली तरी थांबेना. "भावजी, बंद करा हो!"

हवेच्या पाइपात गोणपाट कोंबलं की ते थांबतं. गोणपाट माझ्या हातातच होतं. इंजिन जाम होईपर्यंत मी त्या गोणपाटालाच हात पुसत उभा राहिलो.

मग म्हटलं, "मागं मासळी हाय ना? बर्फ टाक, नायतर वास मारेल."

खरं सांगा, तुमी कोंबलं असतं?