मास्तरांचा तिरंदाज

तयार कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मास्तरांची कात्री चालली. नव्या नमुन्याचा पहिला काप त्यांचाच, आणि तो चुकला असं कुणी ऐकलं नव्हतं. मग उजवा हात थरथरायला लागला. मालक काही बोलायच्या आत मास्तरांनीच राजीनामा देऊन टाकला, कारण कुणीतरी आडून आडून सुचवेल याची वाट बघत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पुढचे हाल वेगळेच होते. घरीदारी सगळे गोड वागायला लागले. बायको चहा अर्धाच कप देऊ लागली, सांडू नये म्हणून. शेजारचे निवृत्त पोस्टमन पत्त्यांत त्यांच्याकडून हरायला लागले, तेही हातात चांगली पानं असताना. मास्तरांना पानं कळत होती, पण भांडायचं कशावरून? लहान मुलांच्या खेळात धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. तो पळतो, ओरडतो, पण बाद काही होत नाही. आपण आता घरातले लिंबूटिंबू झालोय, अशी मास्तरांची खात्रीच पटली. त्यांना फार काही नको होतं. कुठंतरी, एका तरी ठिकाणी, आपल्याला खरोखर हरता यावं, एवढंच.

त्यांच्या लेकीच्या घरी रविवारी दुपारी एक खेळ रंगायचा. लेक गोष्ट रचून सांगायची, जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्यांनी त्यातलं एकेक पात्र चालवायचं, आणि घाव लागला की हुकला ते फाशांनी ठरवायचं. एक भिडू बदली होऊन गेला आणि जादूच्या तिरंदाजाची जागा रिकामी झाली. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही बसा. मास्तर आधी नाही म्हणाले, मग लगेच चपला घातल्या.

टेबलाशी दोघंच भिडू होते. एक लिफ्ट दुरुस्त करणारा, आडवातिडवा माणूस, तो ढाल घेतलेला योद्धा चालवायचा. दुसरी दातांची डॉक्टर. तिनं चोराचं पात्र घेतलं होतं आणि त्यावरून तिला जेवढं चिडवायचं तेवढं चिडवून झालं होतं. मास्तरांचा तिरंदाज लेकीनंच कागदावर मांडून दिला. तीस गुण होते, ते नेम, चपळाई, ताकद, मंत्रबळ आणि सहनशक्तीत सारखे वाटून टाकले. सगळ्यांना बसेल असा शर्ट कारखान्यात कुणी कापला असता, तर मास्तरांनी तो दारातूनच परत पाठवला असता. पण इथं ते नवखे, म्हणून गप्प राहिले.

तीन रविवार गेले. एकाही राक्षसानं तिरंदाजाला बोट लावलं नाही. लेक पुठ्ठ्याच्या आडोशाआड फासे टाकायची आणि दर वेळी राक्षस दुसऱ्यावरच धावून जायचा. मास्तरांनी मापं घेण्यात जन्म काढलेला. त्यांना मोजता येत होतं. इथंही तेच, असं मनाशी म्हणून ते उगाच पाण्याचा ग्लास उचलून खाली ठेवत राहिले.

चौथ्या रविवारी घोटाळा झाला. योद्ध्याला दोन दगडी अस्वलांनी घेरलं. मास्तरांकडे मंत्रबळावर सुटणारा एक अग्निबाण होता, पहिल्या दिवसापासून जपलेला. कापडाचा वीतभर तुकडाही टाकून द्यायचा नाही, कधी ना कधी कामाला येतो, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी साधा बाण सोडला. तो हुकला. पुढच्या फाशाला योद्धा मेला.

लिफ्टवाल्यानं तो योद्धा तीन वर्षं वाढवला होता. तो पेन्सिल आपटून म्हणाला, "मास्तर, तो बाण काय पेटीत घालून ठेवणार होतात?"

लेक मध्ये पडली. बाबा नवीन आहेत, तो घाव लागलाच नाही असं धरू या, म्हणाली.

"का धरायचं?" लिफ्टवाला म्हणाला. "मंत्रबळ झोपून उठलं की पुन्हा भरतं. उरलेलं उद्याला शिल्लक राहत नाही. यांना हे कळत नाही होय? चांगलं कळतं. म्हणून तर राग आला."

लेकीचा चेहरा उतरला, तिला वाटलं बाबा आता उठून जाणार. आणि मास्तर? मास्तर खुर्चीत सरळ होऊन बसले. राजीनामा दिल्याला दोन वर्षं झाली होती, तेवढ्यात कुणी त्यांच्यावर रागावलं नव्हतं. या माणसाला त्यांच्या हातून नीट खेळाची अपेक्षा होती, आणि ती मोडली म्हणून तो चिडला होता. असं चिडायला समोरचा माणूस हिशेबात धरावा लागतो. मास्तर म्हणाले, चूक माझीच, योद्धा मेला तो मेला.

आठवडाभर रोज सकाळी ते खिडकीशी कागद घेऊन बसले. आकडे वेडेवाकडे येत होते, पण ते त्यांनी स्वतःच काढले. ताकद कापून एकावर आणली. लांबून लढणाऱ्याला दंड हवेत कशाला? सहनशक्तीही तीनवर. नेमाला बारा, चपळाईला आठ. मंत्रबळ होतं तेवढंच, सहा, दोन बाणांपुरतं. पहिला जखडबाण, शत्रूचे पाय जमिनीला खिळवणारा, कारण आधी टाचण्या आणि मग कात्री, हलत्या कापडावर कुणी कात्री चालवत नाही. दुसरा अग्निबाण, आणि तो पहिल्याच झटापटीत वापरायचा. उभं राहायचं ते उंचावर, वाट सगळी दिसेल असं. कागद पुरा झाला तेव्हा त्यांनी तो बायकोलाही दाखवला. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण नवऱ्याला इतकं उत्साहात बघून ती शेवटपर्यंत ऐकत बसली.

रविवारी लेकीनं कागद वाचला. "बाबा, सहनशक्ती तीनच? एका फटक्यात जाल."

"जाईन. पण फटका पडू दे की," मास्तर म्हणाले. "तीन रविवार बघतोय मी."

लेक कानापर्यंत लाल झाली. तिनं पुठ्ठ्याचा आडोसा उचलला आणि खुर्चीखाली ठेवला.

त्या दुपारी मास्तरांच्या हातात फासे अमळ जास्तच खुळखुळले. जखडबाणानं मोठं अस्वल जागच्या जागी खिळलं. अग्निबाणानं ते अर्धं तडकलं, मग लागोपाठ तीन साधे बाण, आणि लिफ्टवाल्याच्या नव्या पात्रानं, एका कुऱ्हाडवालीनं, त्याचा निकाल लावला. डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली. तेवढ्यात दुसरं अस्वल कड्यावर चढलं, तिरंदाजाच्या रोखानं. लेकीनं बापाकडे पाहिलं. मग सगळ्यांसमोर फासे टाकले.

"बाबा," ती हलकेच म्हणाली, "तुमचा तिरंदाज मेला."

लिफ्टवाल्यानं एक कोरा कागद मास्तरांपुढे सरकवला आणि म्हणाला, या खेपेला चपळाईत अजून दोन घाला. मास्तरांनी मान हलवली. त्यांना पुढचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. थरथरता हात त्यांनी लेकीच्या डोक्यावर ठेवला.

"बरं केलंस, पोरी," ते म्हणाले.