रंकाळ्यावर चीनची तालीम

"तळं बघाय चीनला? मग आमच्या रंकाळ्यात काय म्हशी धुत्यात व्हय?"

थोरले काका असे ओरडले की हुपरीतल्या आमच्या घरात कामाला बसलेल्या कारागिरांच्या हातातली पैंजणं गळून पडली, आणि तिकडे हातकणंगल्याला गार्डाची शिट्टी समजून रेल्वे सुटली म्हणतात. कोल्हापूरच्या रंकाळ्यात लोक म्हशी धुतच होते. पण काकांना ते तोंडावर सांगायला काळीज वाघाचं लागतं, आणि आमच्या घरात वाघ एकच, तो म्हणजे काका.

गोष्ट अशी. माझ्या बहिणीला चीनमधल्या हांगचौ नावाच्या गावात रेशमाच्या कंपनीत नोकरी लागली होती. कोल्हापुरात गल्लोगल्ली नेट कॅफे निघाले होते, तेव्हाची ही गोष्ट. सुट्टीवर आली तेव्हा ती म्हणाली, "परत जाताना आई-आबांना चार दिवस घेऊन जाते. जुनं राजधानीचं गाव आहे, मोठं तळं आहे, काठाला झाडं, होड्या, पलीकडे चहाचे डोंगर."

पैंजणाला घुंगरू जोडता जोडता आई म्हणाली, "मला ते तळं बघायचंय."

आमच्या आईने उभ्या जन्मात 'मला' या शब्दाने वाक्य सुरू केलं नव्हतं. घर हादरलं. काका ओरडले ते त्यानंतर.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मात्र कंबर कसली. नेट कॅफेतून त्या गावाचा नकाशा छापून आणला, कॅलेंडर काढून त्या खिळ्याला टांगला आणि बेत आखायला घेतला. पहिल्या दिवशी तळ्याला पुरा वेढा. दुसऱ्या दिवशी देवळं. "नारळ चालतो का इचार तिथं, न्हाईतर हितनंच पोतं भरून न्हिऊ." तिसऱ्या दिवशी चहाचा डोंगर. चौथ्या दिवशी रेशमाचा बाजार, तोही लांबून, कारण आईला आत नेलं तर हुपरी विकावी लागेल असा त्यांचा हिशोब. नकाशावर तांबड्या पेन्सिलीने एवढ्या रेघा मारल्या की चीनच्या सैन्यालाही एवढी चाल जमली नसती.

आईने विचारलं, "आवं, पर ह्यात तळ्याकाठी घटकाभर बसायचं कवा?"

"बसायला चीनला कशाला? बसाय घर हाय की!"

मग आबांना दुसरीच शंका आली. ही बाई सगळा जन्म पाटावर बसून घुंगरं जोडत आलेली. गुडघे वाजतात ते शेजारच्या घरात ऐकू जातं. परदेशात मध्येच बसली तर? तिकिटं अजून काढायची होती, म्हणून आबांनी कायदाच काढला. "आधी रंकाळ्याला पुरा वेढा घालायचा. जो मधी बसला, त्यो चीनला न्हाई."

काका खूश. म्हणाले, "पंच मी."

रविवारी टेम्पो भरून आम्ही कोल्हापुरात आत्याच्या घरी उतरलो. अर्धी गल्ली बरोबर होती. इतक्या मोठ्या कामाला उपाशीपोटी निघणं म्हणजे कोल्हापूरचा अपमान, म्हणून आधी मटण. आबांनी तांबडा आणि पांढरा रस्सा असा प्याला की रंकाळ्याची पातळी त्यापुढे उथळ वाटावी. काकांनी नळ्या फोडल्या त्याचा आवाज मशीनगनसारखा. "खा, खा, चीन लांब हाय!" असं एकमेकांना बजावत पुरुष मंडळी पानावरून उठली ती भिंत धरूनच. आई आणि आत्या वाढत होत्या. नेहमीप्रमाणे आई सगळ्यांत शेवटी बसली. तोवर पातेल्यात रश्श्याचा वास तेवढा उरला होता. त्याच्याशी अर्धी भाकरी खाऊन ती उठली.

वेढा सुरू झाला. काठावरचा संध्यामठ दिसायच्या आत काकांनी बूड टेकलं. "पंच बसला तर चालतंय," असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. शालिनी पॅलेसच्या बाजूला आबांच्या पोटात पांढऱ्या-तांबड्याची कुस्ती लागली. घामाने सदरा भिजला. "जरा नकाशा बघतो," म्हणून ते कट्ट्यावर बसले. नकाशा हुपरीत खिळ्यावर होता. मी त्यांच्याही आधी बसलो होतो, पण मी चीनच्या यादीत नव्हतो.

आई थांबली नाही. पदर खोचून, बहिणीशी बोलत बोलत, वळणाआड गेली. उन्हं कलली तेव्हा उलट्या बाजूने हजर. हातात शेंगदाण्याची पुडी.

आबा म्हणाले, "ही नुसती तालीम हुती. हे धरायचं नसतंय."

तेवढ्यात काका उठले. धाकट्या भावाला चीत करायची संधी त्यांना लहानपणापासून हवी होती. "बसला! मी बघितलं की! बूड टेकलंय!" ते असे ओरडले की पाण्यातल्या म्हशी उठून काठाला आल्या.

आबांनी दोन दिवस काकांशी वाद घातला. पण कायदा त्यांचाच होता. आई आणि बहीण, दोघीच गेल्या.

आई परत आली तेव्हा सगळी गल्ली ओसरीवर. आबा नकाशा मांडीवर घेऊन बसले.

"देवळं बघितलीस?"

"लांबनं."

"चहाचा डोंगर?"

"न्हाई."

"रेशमाचा बाजार तरी?"

"न्हाई."

"मग चार दिवस केलंस काय तिथं?"

आईने पाट पुढे ओढला, घुंगरांची वाटी जवळ घेतली.

"बसले," ती म्हणाली. "तळ्याकाठी बाकडी हायत."