काचेवर टकटक

नोव्हेंबर १९८६, रविवार. गाडीचे ब्रेक दाखवायचे होते. दोन दारांची ही लाल, पळणारी गाडी मी जुनीच घेतली होती, सौंसरहून रामाकोन्याच्या शाळेत शिकवायला जाण्यासाठी. लेक त्याच शाळेत, रोज माझ्या शेजारी बसून यायची. रस्त्यात पुलाजवळच्या वळणावर गाडी दर वेळी डावीकडे ओढायची.

गाडी पांढुर्ण्याच्या मिस्त्रीकडे नेली. तो बारीक आणि अबोल होता. त्यानं चाकं उतरवून ब्रेक तपासले. पण दार उघडण्याआधी दर वेळी काचेवर बोटानं टकटक करायचा आणि थोडा थांबायचा.

"रिकाम्या गाडीचं दार काय वाजवून राहिले, भाऊ?"

"रिकामी कुठं आहे, बाई? पुलाजवळच ओढते ना? पहिला मालक तिथंच अपघातात गेला. गाडी तिथून मीच ओढून आणली होती. ब्रेक बरोबर आहेत, तोच वळवून राहिला."

वळण कोणतं, ते मी त्याला सांगितलं नव्हतं.

"मग यावर दुरुस्ती काय?"

"विचारून बसायचं." हात पुसताना तो हसला नाही.

मी असलं काही मानत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला बसनं पाठवलं, काचेवर टकटक केली, थोडी थांबले आणि मग दार उघडलं.